शिकागो विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा ऱ्हास

शिकागो विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ (शिकागो मरून्स) हा विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत अमेरिकेतील सर्वांत बलाढ्य महाविद्यालयीन संघांपैकी एक होता. प्रशिक्षक एमॉस अलोन्झो स्टॅग यांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने १८९९ ते १९२४ या काळात बिग टेन कॉन्फरन्सची (तत्कालीन प्रचलित नाव वेस्टर्न कॉन्फरन्स) सात विजेतेपदे मिळवली. १९२४ नंतर संघाची झपाट्याने घसरण झाली. १९३९ च्या हंगामात पाच सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांनी त्याच्याविरुद्ध प्रत्येकी ४५ हून अधिक गुण नोंदवले आणि या पाचही सामन्यांत शिकागोला एकही गुण मिळवता आला नाही. २१ डिसेंबर १९३९ रोजी विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाने आंतरविद्यापीठीय फुटबॉल बंद करत असल्याचे जाहीर केले. एवढ्या मोठ्या परंपरेच्या संघाचे विसर्जन खुद्द त्याच्या विद्यापीठाने करावे, ही अमेरिकी क्रीडा इतिहासातील असाधारण घटना मानली जाते. विद्यापीठाचे मूळ कार्य कोणते आणि प्रेक्षकांसाठी खेळल्या जाणाऱ्या खेळाला त्यात कितपत स्थान असावे, या वादात आजही या घटनेचा दाखला दिला जातो.

पार्श्वभूमी

या लेखात ‘फुटबॉल’ हा शब्द अमेरिकन फुटबॉल या अर्थाने वापरला आहे. भारतात फुटबॉल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळापेक्षा हा खेळ निराळा आहे. रग्बीपासून विकसित झालेल्या या खेळात लंबगोल चेंडू हातात घेऊन किंवा फेकून प्रतिपक्षाच्या अंत्यरेषेपलीकडे न्यायचा असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येल, हार्वर्ड आणि प्रिन्स्टन या पूर्व किनाऱ्यावरील विद्यापीठांत तो रुजला. व्यावसायिक संघ नावारूपाला येण्यापूर्वी कित्येक दशके महाविद्यालयीन सामने हेच या खेळाचे सर्वोच्च रूप होते. सामन्यांना हजारो प्रेक्षक येत, वृत्तपत्रे त्यांची वर्णने पहिल्या पानावर छापत आणि तिकीटविक्रीतून विद्यापीठांना मोठे उत्पन्न मिळे.

शिकागो विद्यापीठाची स्थापना १८९० मध्ये तेलसम्राट जॉन डी. रॉकफेलर यांच्या देणगीतून झाली आणि १ ऑक्टोबर १८९२ रोजी तेथे अध्यापन सुरू झाले. पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे सेमिटिक भाषांचे व्यासंगी अभ्यासक होते. नव्या विद्यापीठाने अल्पावधीत देशातील जुन्या संस्थांच्या बरोबरीला यावे, अशी त्यांची आकांक्षा होती. त्यासाठी त्यांनी नामवंत संशोधकांना मोठ्या वेतनावर आणले. विद्यापीठाचे नाव लोकांपर्यंत पोहोचवण्याचे साधन म्हणून त्यांनी फुटबॉलकडेही पाहिले. येलमध्ये शिकवत असताना स्टॅग हे त्यांचे विद्यार्थी होते. १८८९ मध्ये निवडल्या गेलेल्या पहिल्या अखिल अमेरिकन संघात स्टॅग यांचा समावेश होता. धर्मोपदेशक होण्याच्या हेतूने ते धर्मशास्त्र शिकत होते; परंतु आपण प्रवचनांपेक्षा मैदानावर तरुणांना अधिक चांगले घडवू शकू, असे वाटून त्यांनी तो मार्ग सोडला.

हार्पर यांनी स्टॅग यांना शारीरिक शिक्षण विभागाचे प्रमुख आणि सहयोगी प्राध्यापक म्हणून कायमस्वरूपी नेमले. प्रशिक्षकाला प्राध्यापकवर्गाचा दर्जा देणाऱ्या अमेरिकेतील सुरुवातीच्या नेमणुकांपैकी ही एक होती. तिच्यामुळे स्टॅग यांना दीर्घ काळ काम करण्याची हमी मिळाली, तसेच विद्यापीठाच्या कारभारात स्वतःचे असे एक स्वायत्त क्षेत्रही मिळाले. पुढील चार दशकांतील यशाचे मूळ या व्यवस्थेत होते. नंतरच्या संघर्षाचे बीजही तिच्यातच होते.

उदय आणि वर्चस्व

१८९२ च्या पहिल्या हंगामात संघासाठी पुरेसे खेळाडू नसल्यामुळे स्टॅग स्वतः मैदानात उतरत. दोनच वर्षांनी संघ रेल्वेने कॅलिफोर्नियाच्या दौऱ्यावर गेला आणि १८९४ च्या नाताळच्या दिवशी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याने स्टॅनफर्ड विद्यापीठाला २४–४ असे हरवले. त्या काळी एवढ्या दूरचा दौरा ही नवलाईची गोष्ट होती. १८९६ मध्ये शिकागो, इलिनॉय, मिशिगन, मिनेसोटा, नॉर्थवेस्टर्न, पर्ड्यू आणि विस्कॉन्सिन या सात विद्यापीठांनी एकत्र येऊन एक क्रीडा परिषद स्थापन केली. हीच पुढे बिग टेन कॉन्फरन्स या नावाने प्रसिद्ध झाली.

१८९९, १९०५, १९०७, १९०८, १९१३, १९२२ आणि १९२४ या वर्षी शिकागोने परिषदेचे विजेतेपद मिळवले. यांपैकी १९०५ आणि १९१३ चे अपराजित संघ नंतरच्या काही मूल्यमापनांत राष्ट्रीय विजेते म्हणून गणले गेले. ३० नोव्हेंबर १९०५ रोजी झालेला मिशिगनविरुद्धचा सामना या कालखंडाचा कळस मानला जातो. फील्डिंग योस्ट यांच्या प्रशिक्षणाखालील मिशिगनचा संघ सलग ५६ सामने अपराजित होता. शिकागोचा क्वार्टरबॅक वॉल्टर एकरसॉल याने लाथाडलेला चेंडू मिशिगनच्या खेळाडूने स्वतःच्या अंत्यरेषेमागे झेलला. तो चेंडू बाहेर आणण्याच्या प्रयत्नात असताना शिकागोच्या खेळाडूंनी त्याला पुन्हा रेषेमागे पाडले. या ‘सेफ्टी’चे दोन गुण निर्णायक ठरले आणि शिकागोने सामना २–० असा जिंकला.

खेळाच्या तंत्रातील अनेक सुधारणांचे श्रेय स्टॅग यांना दिले जाते. प्रत्येक डावापूर्वी खेळाडूंनी वर्तुळात जमून मसलत करणे, खेळाडूंच्या पोशाखावर क्रमांक छापणे आणि पकडीच्या सरावासाठी बाहुला वापरणे या त्यांतील काही प्रमुख गोष्टी होत. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्यास नियमांनी परवानगी मिळाल्यावर त्याचा कल्पकतेने वापर करणाऱ्या पहिल्या प्रशिक्षकांतही त्यांची गणना होते. विद्यापीठाशेजारच्या मिडवे या हिरवळीच्या पट्ट्यावरून संघाला ‘मॉन्स्टर्स ऑफ द मिडवे’ असे टोपणनाव पडले. आज हे नाव शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघासाठी वापरले जाते. मूळचे ते विद्यापीठाच्या संघाचे होते.

सुरुवातीचे इशारे

यशाच्या काळातही टीकेचे सूर उमटत होते. एकरसॉल हा त्या वेळी देशातील सर्वांत लोकप्रिय खेळाडूंपैकी एक होता, परंतु तो पदवी मिळवू शकला नाही. गुणवान खेळाडूंना प्रवेश आणि अभ्यासात सवलती दिल्या जातात, असा आरोप शिकागोप्रमाणेच इतर विद्यापीठांवरही होत असे. शिवाय खेळातील हिंसकपणामुळे खेळाडूंचे मृत्यू होत असल्याने १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना चर्चेसाठी बोलवावे लागले. १९०६ मध्ये वेस्टर्न कॉन्फरन्समधील विद्यापीठांच्या प्राध्यापक प्रतिनिधींनी सामन्यांची संख्या घटवली, प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळण्यास मनाई केली आणि खेळाडूंची खेळण्याची मुदत तीन वर्षांपुरती मर्यादित केली. फुटबॉल हा विद्यापीठीय शिक्षणाचा भाग की त्यावरील बांडगूळ, हा प्रश्न अशा प्रकारे त्या वेळीच उपस्थित झाला होता. तथापि संघ जिंकत होता आणि प्रेक्षागार भरत होते, तोवर त्याचे उत्तर शोधण्याची निकड कोणाला भासली नाही.

घसरणीचा प्रारंभ (१९२४–१९३२)

१९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात शिकागोचा दबदबा टिकून होता. २८ ऑक्टोबर १९२२ रोजी झालेल्या प्रिन्स्टनविरुद्धच्या सामन्याचे धावते वर्णन दूरध्वनी तारांच्या मदतीने न्यूयॉर्कपर्यंत पोहोचवून रेडिओवर प्रसारित करण्यात आले. लांब पल्ल्याच्या क्रीडाप्रसारणाच्या पहिल्या प्रयोगांपैकी तो एक होता. शिकागोने तो सामना १८–२१ असा गमावला. ८ नोव्हेंबर १९२४ रोजी इलिनॉयविरुद्धचा सामना २१–२१ असा बरोबरीत सुटला. इलिनॉयचे तिन्ही टचडाउन रेड ग्रेंज या विख्यात खेळाडूने केले होते. त्या वर्षी शिकागोने परिषदेतील सहा सामन्यांपैकी तीन जिंकले व तीन बरोबरीत सोडवले आणि अपराजित राहून विजेतेपद मिळवले. ते त्याचे शेवटचे विजेतेपद ठरले.

१९२५ ते १९३२ या आठ हंगामांत केवळ एका हंगामात (१९२९) संघाच्या विजयांची संख्या पराभवांपेक्षा अधिक होती. त्या वर्षीही सात विजयांपैकी परिषदेतील प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा विजय एकच होता. १९२६ मध्ये दोन विजय व सहा पराभव, तर १९२८ मध्ये दोन विजय व सात पराभव अशी कामगिरी झाली. म्हणजेच ज्या अध्यक्षांच्या नावे संघाच्या अस्ताचे खापर फोडले जाते, ते रॉबर्ट मेनार्ड हचिन्स १९२९ मध्ये पदावर येण्यापूर्वीच संघाची घसरण सुरू झाली होती.

हचिन्स आणि स्टॅग यांची निवृत्ती

हचिन्स अध्यक्ष झाले तेव्हा अवघे तीस वर्षांचे होते. त्यापूर्वी ते येलच्या विधी महाविद्यालयाचे अधिष्ठाता होते. विद्यापीठाने प्रथम आणि अखेर बौद्धिक कार्यालाच वाहून घ्यावे, असे त्यांचे मत होते. १९३१ मध्ये त्यांच्या कार्यकाळात ‘शिकागो योजना’ या नावाने ओळखला जाणारा नवा अभ्यासक्रम अमलात आला. तीनुसार प्रत्येक विद्यार्थ्याने जीवशास्त्रे, भौतिक शास्त्रे, सामाजिक शास्त्रे आणि मानव्यविद्या यांचे सामान्य पाठ्यक्रम अभ्यासून सर्वंकष परीक्षा देणे बंधनकारक झाले. सोपे विषय निवडून श्रेयांक जमवत जाण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला.

१९३२ मध्ये स्टॅग सत्तर वर्षांचे झाले. निवृत्तीच्या नियमाला अपवाद करून त्यांना प्रशिक्षकपदी ठेवण्यास हचिन्स यांनी नकार दिला. त्यांना दुसरे पद देऊ करण्यात आले, पण मैदान सोडण्याची स्टॅग यांची तयारी नव्हती. ४१ हंगामांनंतर त्यांनी शिकागो सोडले आणि १९३३ मध्ये कॅलिफोर्नियातील कॉलेज ऑफ द पॅसिफिकचे प्रशिक्षकपद स्वीकारले. १९३८ मध्ये त्यांच्या या नव्या संघाने शिकागोला येऊन त्यांच्याच नावाच्या मैदानावर त्यांच्या जुन्या संघाला ३२–० असे पराभूत केले. १९४३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांची वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून निवड झाली. १७ मार्च १९६५ रोजी वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

शॉनेसी यांचा काळ आणि जे बरवँगर

स्टॅग यांच्या जागी आलेले क्लार्क शॉनेसी हे कुशल डावपेचकार होते. त्यांच्या पहिल्या तीन हंगामांत संघात जे बरवँगर हा खेळाडू होता. धावणे, चेंडू फेकणे, लाथाडणे आणि प्रतिपक्षाला पाडणे या सर्वच कौशल्यांत तो निपुण होता. १९३४ च्या सामन्यात त्याला पाडताना मिशिगनचा खेळाडू जेराल्ड फोर्ड याच्या डाव्या डोळ्याखाली जखम झाली. हाच फोर्ड पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्या जखमेचा व्रण त्याच्या चेहऱ्यावर कायम राहिला. देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला दिल्या जाणाऱ्या, आज हाइजमन ट्रॉफी नावाने ओळखल्या जाणाऱ्या पारितोषिकाचा बरवँगर हा १९३५ मधील पहिला मानकरी होय. १९३६ मध्ये नॅशनल फुटबॉल लीगच्या पहिल्याच खेळाडू निवड प्रक्रियेतही सर्वप्रथम त्याचेच नाव पुकारले गेले, परंतु त्याने व्यावसायिक फुटबॉल खेळण्याचे नाकारले.

बरवँगर असतानाच्या तीन हंगामांत (१९३३–१९३५) शिकागोने ११ सामने जिंकले, ११ गमावले आणि दोन बरोबरीत सोडवले. देशातील सर्वोत्तम खेळाडू संघात असूनही जमाखर्च केवळ समसमान राहतो, यावरून संघाच्या उर्वरित बळाची कल्पना येते. तो पदवीधर होऊन गेल्यावर उरलेला आधारही नाहीसा झाला. १९३७, १९३८ आणि १९३९ या तीन हंगामांत शिकागोला परिषदेतील एकही सामना जिंकता आला नाही.

१९३९ चा हंगाम

१९३९ मध्ये शिकागोने आठ सामने खेळले. त्यांचे निकाल पुढीलप्रमाणे होते (शिकागोचे गुण प्रथम):

विजय
• वॉबॅश: १२–२
• ओबर्लिन: २५–०

पराभव
• बेलॉइट: ०–६
• हार्वर्ड: ०–६१
• मिशिगन: ०–८५
• व्हर्जिनिया: ०–४७
• ओहायो स्टेट: ०–६१
• इलिनॉय: ०–४६

संपूर्ण हंगामात शिकागोने ३७ गुण मिळवले आणि प्रतिस्पर्ध्यांना ३०८ गुण दिले. परिषदेतील तीन सामन्यांचा एकत्रित हिशेब ०–१९२ असा होता. २१ ऑक्टोबर रोजी झालेला मिशिगनविरुद्धचा सामना विशेष बोलका होता. ज्या संघाची ५६ सामन्यांची अपराजित घोडदौड शिकागोने ३४ वर्षांपूर्वी दोन गुणांनी रोखली होती, त्याच संघाने आता ८५ गुण नोंदवले. बेलॉइट हे अत्यंत लहान महाविद्यालय होते. त्याच्याकडून झालेल्या पराभवाने, केवळ दुबळे प्रतिस्पर्धी निवडून प्रश्न सुटेल ही आशाही संपुष्टात आणली.

ऱ्हासाची कारणे

शिकागोच्या ऱ्हासाची कारणमीमांसा इतिहासकारांनी विविध प्रकारे केली आहे. रॉबिन लेस्टर यांनी या विषयावर १९९५ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. सर्वसाधारणपणे पुढील कारणे महत्त्वाची मानली जातात.

विद्यार्थिसंख्या आणि विद्यापीठाचे स्वरूप: शिकागो हे आरंभापासून संशोधन आणि पदव्युत्तर शिक्षणावर भर देणारे खाजगी विद्यापीठ होते. याउलट मिशिगन, ओहायो स्टेट, इलिनॉय आणि मिनेसोटा ही राज्यांच्या अनुदानावर चालणारी, झपाट्याने विस्तारणारी विद्यापीठे होती. पदवीपूर्व वर्गातील तरुणांची संख्या जेवढी मोठी, तेवढे खेळाडू निवडण्याचे क्षेत्र विस्तृत. या बाबतीत शिकागो मागे पडत गेले.

अभ्यासक्रमाची काठिण्यपातळी: परिषदेतील काही विद्यापीठांत शारीरिक शिक्षणाची पदवी घेता येत असे आणि अनेक खेळाडू तोच विषय घेत. शिकागोमध्ये अशी सोय नव्हती. १९३१ च्या योजनेनंतर प्रत्येक खेळाडूला इतर विद्यार्थ्यांप्रमाणेच सर्वंकष परीक्षांना सामोरे जावे लागे.

खेळाडू मिळवण्याची स्पर्धा: १९२० च्या दशकात माजी विद्यार्थी आणि हितचिंतक यांच्यामार्फत खेळाडूंना पैसा, नोकरी किंवा शुल्कमाफी मिळवून देण्याची पद्धत सर्वत्र पसरली. कार्नेगी प्रतिष्ठानने १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाने या प्रकारांवर झगझगीत प्रकाश टाकला. स्टॅग यांनी शालेय खेळाडूंच्या राष्ट्रीय स्पर्धा विद्यापीठात भरवून होतकरू मुलांना शिकागोची ओळख करून दिली होती. १९१७ मध्ये सुरू झालेली शालेय बास्केटबॉल स्पर्धा त्यांपैकीच होती. १९३० नंतर ती बंद पडली आणि हा मार्गही उरला नाही.

शहरातील प्रतिस्पर्धी: प्रारंभी शिकागो शहरातील क्रीडाप्रेमींना फुटबॉलसाठी विद्यापीठाच्या मैदानाखेरीज फारसा पर्याय नव्हता. १९२१ मध्ये जॉर्ज हॅलस यांनी आपला व्यावसायिक संघ शहरात आणला. तोच पुढच्या वर्षीपासून शिकागो बेअर्स म्हणून ओळखला जाऊ लागला. १९२५ मध्ये रेड ग्रेंज त्या संघाकडून खेळू लागल्यावर व्यावसायिक सामन्यांची लोकप्रियता वाढली. १९२४ मध्ये खुल्या झालेल्या सोल्जर फील्ड या विशाल मैदानावर नोत्र दाम विद्यापीठाचे सामने होऊ लागले. शहरातील कॅथलिक वस्तीला त्या संघाविषयी मोठे प्रेम होते. शहराला लागून असलेल्या एव्हन्स्टन येथे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने १९२६ मध्ये नवे क्रीडागार उभारले. प्रेक्षक अशा प्रकारे विभागले गेले.

आर्थिक मंदी: स्टॅग फील्डची प्रेक्षकक्षमता १९२० च्या दशकात वाढवून पन्नास हजारांच्या पुढे नेण्यात आली होती. १९२९ नंतरच्या महामंदीत आणि सततच्या पराभवांत ही आसने रिकामी राहू लागली. फुटबॉल हे जोवर उत्पन्नाचे साधन होते तोवर त्याच्या शैक्षणिक औचित्याचा प्रश्न बाजूला ठेवता येत होता. उत्पन्न आटल्यावर तसे करणे कठीण झाले.

स्टॅग यांचे वार्धक्य आणि आग्रह: एकाच व्यक्तीभोवती चाळीस वर्षे उभारलेल्या व्यवस्थेत उत्तराधिकारी घडवला गेला नव्हता. खेळाच्या आरंभीच्या काळात नवनव्या युक्त्यांनी मिळणारी आघाडी, सर्वच संघांत निष्णात प्रशिक्षक आल्यानंतर टिकली नाही.

विसर्जनाचा निर्णय

हचिन्स यांनी ३ डिसेंबर १९३८ च्या ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’मध्ये लेख लिहून महाविद्यालयीन खेळांच्या बाजारीकरणावर टीका केली. प्रवेशमूल्य केवळ दहा सेंट ठेवावे आणि प्रशिक्षकांना प्राध्यापकांप्रमाणे नोकरीची शाश्वती द्यावी, म्हणजे जिंकण्याचा व पैसा मिळवण्याचा दबाव नाहीसा होईल, असे उपाय त्यांनी सुचवले होते. प्रशिक्षकाला शाश्वती देण्याची सूचना करताना ते एका अर्थी हार्पर यांनी १८९२ मध्ये स्टॅग यांना जे दिले होते, त्याचाच पुरस्कार करत होते.

१९३९ च्या अखेरीस विद्यापीठापुढे तीन पर्याय होते. इतरांप्रमाणे खेळाडूंना आर्थिक साहाय्य व अभ्यासात सवलती देऊन संघ पुन्हा बलवान करणे, हा पहिला. परिषदेतून बाहेर पडून लहान महाविद्यालयांशी खेळणे, हा दुसरा. फुटबॉल पूर्णपणे बंद करणे, हा तिसरा. पहिला पर्याय विद्यापीठाच्या तत्त्वांशी विसंगत होता. दुसरा पर्याय पूर्वपरंपरेचा अभिमान असलेल्या माजी विद्यार्थ्यांना कमीपणाचा वाटण्याजोगा होता आणि बेलॉइटविरुद्धच्या पराभवानंतर त्यात यशाचीही शाश्वती नव्हती. विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष हॅरल्ड स्विफ्ट हे स्वतः संघाचे निष्ठावान पाठीराखे होते. तरीही मंडळाने तिसरा पर्याय स्वीकारला. अन्य खेळांचे आंतरविद्यापीठीय सामने आणि विद्यार्थ्यांच्या अंतर्गत स्पर्धा चालू ठेवण्याचे ठरले.

जानेवारी १९४० मध्ये हचिन्स यांनी विद्यार्थ्यांच्या सभेत या निर्णयाचे समर्थन केले. एका महत्त्वाच्या विद्यापीठाने फुटबॉलचा त्याग करणे देशाच्या दृष्टीने हिताचे आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. इतर विद्यापीठे या उदाहरणाचे अनुकरण करतील ही त्यांची अपेक्षा मात्र फलद्रूप झाली नाही. शिकागो १९४६ मध्ये बिग टेनमधून औपचारिकरीत्या बाहेर पडले आणि १९४९ मध्ये मिशिगन स्टेटला परिषदेचे सदस्यत्व देण्यात आले.

नंतरच्या घडामोडी

शिकागोत सतत पराभूत झालेले शॉनेसी १९४० मध्ये स्टॅनफर्डला गेले. तेथे त्यांनी ‘टी’ या नावाच्या रचनेचा सुधारित प्रकार वापरला. स्टॅनफर्डने त्या हंगामातील सर्व सामने जिंकले आणि १ जानेवारी १९४१ रोजी रोझ बोल सामन्यात नेब्रास्काला २१–१३ असे हरवले. शॉनेसी यांनी याच रचनेबाबत बेअर्स संघालाही साहाय्य केले होते. त्या संघाने ८ डिसेंबर १९४० च्या अंतिम सामन्यात वॉशिंग्टनचा ७३–० असा धुव्वा उडवला. शिकागोची दुरवस्था केवळ प्रशिक्षकाच्या अकुशलतेमुळे झाली नव्हती, हे यावरून स्पष्ट होते.

ओस पडलेल्या स्टॅग फील्डच्या पश्चिमेकडील प्रेक्षागाराखाली रॅकेटने खेळण्याचे एक बंदिस्त प्रांगण होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे एन्रिको फर्मी यांच्या नेतृत्वाखालील शास्त्रज्ञांनी ‘शिकागो पाइल–१’ ही अणुभट्टी उभारली. २ डिसेंबर १९४२ रोजी तीत मानवनिर्मित, स्वयंपोषी आणि नियंत्रित अशी पहिली आण्विक शृंखला अभिक्रिया घडवून आणण्यात आली. १९५७ मध्ये जुने प्रेक्षागार पाडण्यात आले. या जागेवर १९६७ मध्ये हेन्री मूर यांचे ‘न्यूक्लियर एनर्जी’ हे शिल्प बसवण्यात आले आणि १९७० मध्ये तेथे रेगनस्टाइन ग्रंथालय सुरू झाले.

पुनरुज्जीवन

१९६० च्या दशकात विद्यापीठात फुटबॉलचे मर्यादित स्वरूपात पुनरागमन झाले. १९६३ मध्ये अनौपचारिक पातळीवर सामना खेळवण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा मोठ्या फुटबॉलचे युग परत येईल या भीतीने काही विद्यार्थ्यांनी मैदानावर ठिय्या मांडून निषेध केला. १९६९ मध्ये संघाला पुन्हा विद्यापीठाच्या अधिकृत संघाचा दर्जा मिळाला. सध्या हा संघ नॅशनल कॉलेजिएट अॅथलेटिक असोसिएशनच्या तृतीय श्रेणीत खेळतो. या श्रेणीत खेळाच्या आधारावर शिष्यवृत्ती देता येत नाही. तृतीय श्रेणीच्या राष्ट्रीय अंतिम सामन्याला ‘स्टॅग बोल’ असे नाव आहे. बरवँगरला मिळालेले पारितोषिक विद्यापीठाच्या क्रीडासंकुलात ठेवलेले आहे.

मूल्यमापन

शिकागोच्या निर्णयाकडे पाहण्याचे दोन परस्परविरोधी दृष्टिकोन आहेत. एका मतानुसार विद्यापीठाने प्रसिद्धी आणि उत्पन्न यांचा मोह सोडून आपल्या मूळ ध्येयाशी निष्ठा राखली आणि संशोधनातील त्याचा लौकिक त्यानंतरही वाढतच गेला. दुसऱ्या मतानुसार तो नैतिक निर्णय म्हणून मांडला गेला असला, तरी प्रत्यक्षात पराभवांनी आणि रिकाम्या आसनांनी तो आधीच घेऊन टाकला होता. संघ जिंकत असता तर विश्वस्तांनी त्याला हात लावला नसता. १९२४ पासूनची आकडेवारी दुसऱ्या मताला बळकटी देते. तथापि पराभूत होत असलेल्या अन्य विद्यापीठांनी पैसा खर्चून संघ सावरण्याचा मार्ग पत्करला आणि शिकागोने तो पत्करला नाही, ही वस्तुस्थिती पहिल्या मतालाही आधार देते.

पुढील काळात अमेरिकेतील विद्यापीठांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे शोधली. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आदी आठ विद्यापीठांनी १९४५ मध्ये फुटबॉलबाबत करार करून खेळाधारित शिष्यवृत्त्या न देण्याचे ठरवले. पुढे त्यांचा समूह आयव्ही लीग म्हणून मान्यता पावला. बिग टेनमधील विद्यापीठांनी मोठ्या फुटबॉलचा मार्ग चालू ठेवला आणि त्यांच्या क्रीडागारांत आज एका सामन्याला लाखभर प्रेक्षकही जमतात. शिकागो हे त्या परिषदेच्या संस्थापकांपैकी एक असूनही आज तिचे सदस्य नाही.